केबलची दोन्ही टोकं

लॅपटॉपला मॉनिटर जोडून मोठ्या ऐटीत बसलो, तर पडद्यावर ‘नो सिग्नल’. अर्ध्या तासाने दिसलं, केबलची दोन्ही टोकं मी मॉनिटरच्याच पाठीत खुपसली होती. बिचारा स्वतःलाच जोडलेला.

चार वर्षांपूर्वी आईच्या तेराव्याला दादाशी वाजलं, तेव्हापासून माझंही तसंच आहे. मनात रोज त्याला फोन लावतो, त्याच्या वतीने मीच मला झापतो आणि मीच फोन ठेवतो. हल्ली तर दोघंही माझ्याच आवाजात बोलतात. त्याचा आवाज विसरत चाललोय.

बायकोला हे सांगितलं, तर म्हणाली, "मग आज खराच लावा."

"काय उपयोग? दादा काय बोलणार, ते मला पाठ आहे."

"तुम्हाला पाठ आहे हो. दादांना कुठे माहीत आहे?"