गट पडू नयेत म्हणून मी अमेरिका सांगितली

आता माझ्या हातून काय घडलं ते ऐका, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. आमच्या गावात दोन पक्ष आहेत. छे, तुम्हाला माहीत असलेले नव्हेत, ते तर सगळीकडेच आहेत. हे दोन मी स्थापन केले. एका दुपारी. फुकट!

माझी पिठाची चक्की आहे. पण हाती लागेल ते वाचतो, वाचलेलं टिपून ठेवतो, म्हणून गाव मला मास्तर म्हणतं. इथेच घात झाला.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. भाजीबाजार नव्हे हो, जत्रा! आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. यंदा वडशाच्या एका नाटक कंपनीने मोठ्या मुश्किलीने तारीख दिली होती. अट एकच : अध्यक्ष आणि सचिव दोघांनी मिळून शनिवारपर्यंत पक्कं कळवायचं, नाहीतर तारीख शेजारच्या गावाला.

मंडई समितीचे अध्यक्ष टोलीरामभाऊ नाटकाच्या बाजूचे. सचिव सुरेशभाऊंचं म्हणणं, बाहेरचं नाटक कशाला, गावातल्या पोरांची दंडार होऊ द्या. दंडार म्हणजे आमचा घरचा खेळ, नाच-गाणी-सोंगं. एवढीच कुरबुर. दोघं एकाच टपरीवर एकाच पुडीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा खात भांडायचे. आपोआप मिटलं असतं. पण मी होतो ना!

त्या आठवड्यात मी अमेरिकेचा इतिहास वाचत होतो. शुक्रवारी दुपारी समितीची बैठक भरली आणि मी हात वर केला. "गट पडले की काय होतं, ते सांगतो."

"सांगा मास्तर," टोलीरामभाऊ म्हणाले, "पण लवकर. वडशाले फोन कराचा आहे."

सांगितलं. अमेरिका नवी नवी स्वतंत्र झाली, तेव्हा तिच्या राज्यघटनेत पक्षाचं नावही नव्हतं. पहिला राष्ट्राध्यक्ष एकमताने निवडलेला, पक्षबाजीची त्याला चीड. पण त्याच्याच मंत्रिमंडळात दोन शहाणे. अर्थमंत्री म्हणे, देशाची मोठी बँक हवी, केंद्र बळकट हवं. परराष्ट्रमंत्री म्हणे, बँक कशाला, शेतकरी आणि राज्यं सांभाळा. झालं सुरू!

"मंग? कोन जितला?" सुरेशभाऊ पुढे सरकले.

इथे मी थांबायला हवं होतं. पण रंगात आलेला माणूस कधी थांबलाय? "अहो, दोन्हीकडच्यांनी आपापलं वर्तमानपत्र उभं केलं! रोज एकमेकांवर चिखल! आणि दोघंही म्हणत, आमचा पक्ष नाहीच, आम्ही म्हणजेच देश. पक्ष काय तो समोरच्याचा!"

सगळे माना डोलवू लागले. मला वाटलं, भिनलं. भिनलंच होतं!

"वर्तमानपत्र म्हंजे आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच ना, मास्तर?" टोलीरामभाऊंनी विचारलं.

"तसंच समजा," मी म्हणालो. माझी जीभ तेव्हाच का झडली नाही?

बैठक संपायच्या आत माझा मोबाइल दोनदा वाजला. एक ग्रुप 'आपलं गाव', अ‍ॅडमिन टोलीरामभाऊ. दुसरा 'खरं आपलं गाव', अ‍ॅडमिन सुरेशभाऊ.

मी सुरेशभाऊंच्या मागे धावलो. "भाऊ, मी धोका सांगितला, रीत नाही!"

"आमी कायले पक्ष काढू, मास्तर? आमी म्हंजे गाव. पक्ष टोलीरामचा आहे."

टोलीरामभाऊंना गाठलं. शब्दन्‌शब्द तेच, फक्त नाव सुरेशचं. इतके हुशार विद्यार्थी कुण्या प्राध्यापकाला मिळाले असतील?

शनिवारी सकाळी शेवटचा उपाय केला. त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने पद सोडताना देशाला बजावलं होतं, पक्षबाजीपासून सांभाळा. तेच मी दोन्ही ग्रुपवर टाकलं. दोन्हीकडून अंगठे, फुलं, जोडलेले हात! मी सुखावलो. मग खालचं वाचलं. दोन्हीकडे एकच : "पाहा, मास्तर समोरच्यायले कसे झापून राहिले!"

बायको म्हणाली, "अजी, अमेरिका राहू द्या. वडशाले फोन केला काय कोनी?"

कोण करणार? दोघांनी मिळून करायचा होता, आणि दोघांचं बोलणं बंद! संध्याकाळी तारीख गेली. दंडारही गेली, कारण ढोलकीवाला एका पक्षात आणि गाणारे दुसऱ्यात.

ठरल्या दिवशी आमचं अख्खं गाव शेजारच्या गावी, तेच नाटक पाहायला. पडदा उघडायच्या आधी तिथल्या अध्यक्षांनी माइक घेतला. "किती सालापासून आमी या कंपनीची वाट पाहून राहिलो होतो! ज्यायच्या एका भाषनानं ही तारीख आमाले भेटली, ते मास्तर इथं बसले आहेत. त्यायनं शाल-श्रीफळ घ्याले स्टेजवर यावं!"

टाळ्यांचा कडकडाट. मी खुर्चीखाली शिरायला जागा शोधतोय, तेवढ्यात कुणीतरी मला दोन्ही काखांत हात घालून उभं केलं. उजवीकडे टोलीरामभाऊ, डावीकडे सुरेशभाऊ. दोन पक्ष, पहिल्यांदाच एकत्र!

"जा मास्तर, जा," दोघं एका सुरात म्हणाले, "आन् आता याच गावात राहा!"