रिकामा गोठा आणि घट्ट दुधाचा चहा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. गडहिंग्लजला माहेरी सगळे म्हणायचे की हिच्या नाकावर राग असतो. सासरी काय म्हणतात ते मला कळू देत नाहीत. गुरांची डॉक्टर झाल्यावर मात्र हा राग कामाला आला. अडून बसलेल्या म्हशीला आणि तिच्या मालकाला हलवायचं तर आवाज लागतोच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरच्या पुढे, घाटाच्या अलीकडे एका गावात माझा सरकारी दवाखाना आहे. गावाच्या वर जंगल, खाली ऊस आणि मध्ये एक तळं. सकाळी तळ्यावर गावच्या म्हशी पाणी पितात आणि दिवस मावळताना रानातले गवे उतरतात. पाणी एकच, पण म्हशी माझ्या खात्याच्या आणि गवे वनखात्याचे. तिथल्या वनरक्षकाला सगळे गार्ड म्हणतात. तो आणि मी कित्येक वर्षं एकमेकांना फक्त नमस्कार करत होतो, तोही कुणी बघत असेल तर.

लाळ-खुरकूत हा आमच्याकडचा जुना रोग. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, जनावर पाय टेकत नाही. मोठी जनावरं बहुतेक वाचतात, वासरं दगावतात. म्हशींचा रोग गव्यांना लागू नये म्हणून जंगलालगतच्या गावात एकही जनावर लसीवाचून ठेवायचं नसतं. पण लस टोचली की दोन-चार दिवस दूध जरा कमी येतं. त्यामुळे लसीच्या दिवशी आमच्या भागातल्या म्हशींना एकदम पाहुणचाराला जायची हौस येते. एक बहिणीकडे गेलेली असते, दुसरी मामाकडे.

त्या दिवशी दुपारचे दोन वाजून गेले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शेवटचं घर एका मावशीचं. त्यांच्या घरात नातवाच्या बारशाची गडबड चालली होती. गोठ्यात दोन दावी मोकळी पडली होती, शेण ताजं होतं.

"म्हशी कुठायत, मावशी?"

"कालच बहिणीकडं धाडल्यात ओ. बसा की डाक्टरबाई, च्या घ्या."

चहा आला. इतका घट्ट की वर साय धरली होती. घोट घेतला आणि मला सगळं कळलं. म्हशी कालपासून बहिणीकडे, मग हे सकाळचं दूध कुठलं? एरवी मी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली असती. पण चहा फार चांगला होता, मी दमले होते आणि हे शेवटचं घर होतं. मी कप खाली ठेवला, बाळाच्या हातावर दहाची नोट ठेवली आणि दवाखान्यात येऊन कागदावर लिहिलं, गाव पूर्ण.

महिन्याभराने गार्ड पहिल्यांदा माझ्या दवाखान्याची पायरी चढला. त्याने मोबाईलवरचा व्हिडिओ पुढे धरला. तळ्याकाठी एक गवा मादी उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा, पुढचा पाय उचललेला. मागे तिचं पिल्लू आणि आणखी सात-आठ गवे.

"मॅडम, ह्ये तुमच्या म्हशींचंच हाय."

"माझं गाव पूर्ण झालंय. तुमच्या जंगलात बघा," मी म्हटलं. आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला, कारण मला तो चहा आठवला होता.

तो मोबाईल खिशात टाकून निघून गेला. रात्रभर मला स्वतःचाच राग येत राहिला. सकाळी दूध संकलन केंद्रावर गेले. अख्खा गाव तिथे किटल्या घेऊन उभा असतो. गार्डही आला होता, लोकांना तो व्हिडिओ दाखवत होता. मावशींनी तो पाहिला. त्यांच्या हातात किटली नव्हती. त्या थेट वजनकाट्यापाशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"माझ्या म्हशींच्या तोंडाला फोड आल्यात. सुईच्या दिवशी म्या त्यास्नी उसाच्या फडामागं बांधल्या हुत्या. बारशाला बासुंदी करायची हुती, दूध कमी पडंल म्हणून. चूक झाली. आता कुणीबी जनावर तळ्यावर न्हेऊ नगासा."

कुणीतरी म्हणालं, "आणि आमची वासरं मेली म्हंजे?"

"म्हणून तर सांगायला आलीया न्हवं," मावशी म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, पण पाऊल मागे घेतलं नाही. मी मात्र शेजारी गप्प उभी होते. त्या चहाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

दोन दिवसांनी कोल्हापुरात बैठक झाली. आमचं पशुसंवर्धन खातं, वनखातं, दूध संघाचे डॉक्टर आणि वन्यप्राण्यांच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेची तरुण डॉक्टर. प्रत्येकाने आपापली फाईल ढालीसारखी धरली होती. माझ्याही फाईलमध्ये 'गाव पूर्ण'चा कागद होता. तो नुसता पुढे सरकवला असता तर कुणी काही विचारलं नसतं. नोकरीत मी एवढी कधी घाबरले नव्हते. मग केंद्रावर उभ्या राहिलेल्या मावशी डोळ्यांपुढे आल्या आणि मी बोलून टाकलं. रिकामा गोठा मी पाहिला होता, दुधाचा चहा मी प्यायले होते आणि तरी पूर्ण लिहिलं होतं.

मग मागच्या खुर्चीवरून गार्ड उठला. म्हणाला, "साहेब, गव्यांसाठी मिठाची ढेप ठेवायची ती वरच्या माळावर. माझा गुडघा दुखतोय म्हणून म्या ती तळ्याजवळच ठेवतोय. मीठ चाटायला गवं खाली येत्यात, म्हशीबी तिथंच चाटत्यात."

दूध संघाचे डॉक्टर हळूच म्हणाले की लसीची तारीख ठरवताना गावातल्या बायकांना आजवर कुणी विचारलेलंच नाही. त्यानंतर फाईली मिटल्या आणि काम सुरू झालं. मिठाची ढेप वर गेली, दूध संघाच्या जीपमधून. म्हशींच्या पाण्यासाठी केंद्रामागे सिमेंटचा हौद झाला. आजारी म्हशींची तोंडं आणि खुरं मी रोज दोन वेळा धुतली, मावशींनी त्यांची शिंगं धरली. मोठी वाचली, धाकटीही वाचली. गावातलं एकही वासरू गेलं नाही.

गव्यांसाठी काय करायचं, असं मी त्या तरुण डॉक्टरला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही करायचं नाही. जवळ जायचं नाही, पळवायचं नाही, लांबून बघायचं." माझ्यासारखीला यापेक्षा अवघड औषध नाही. आम्ही काही आठवडे काढले, गार्डची दुर्बीण आळीपाळीने घेऊन. मादी हळूहळू पाय टेकू लागली. तिचं पिल्लू मात्र गेलं. तपासणीसाठी त्याचे नमुने कसे घ्यायचे ते त्या तरुण डॉक्टरने मला शिकवलं आणि ते मी माझ्या हातांनी घेतले. पाठ फिरवून उभ्या गार्डला मी म्हटलं, "हे माझ्या एका कपाचं आहे." तो म्हणाला, "माझ्या गुडघ्याचंबी हाय, मॅडम." तेव्हापासून आम्ही कुणी बघत नसतानाही नमस्कार करतो.

ते पिल्लू मी विसरणार नाही. पण त्याहून जास्त मला मावशींचे उपकार आठवतात. चार ठिकाणच्या लोकांना एका टेबलाशी खरं बोलायला लावणं कुठल्या पत्राला जमलं नव्हतं, ते त्यांनी वजनकाट्यापाशी उभं राहून केलं. मला तर त्यांनी माझी नोकरी नव्याने शिकवली.

सहा महिन्यांनी लसीची पुढची फेरी आली. तारीख बायकांनी ठरवली, सणवार, लग्न, बारसं सगळं बघून. मावशींच्या दोन्ही म्हशी सकाळपासून दारातच बांधलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी गार्ड आणि मी सुईच्या जागी गाठबिठ आली का ते बघायला गेलो. मावशींनी दोन कप आणून ठेवले. चहा कोरा होता, काळाकुट्ट.

"दूध आटलंय तुमच्या सुईनं," त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. "हाय त्ये बाळाला ठेवलंय."

मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग कप पुढे केला आणि म्हटलं, "मावशी, अजून अर्धा द्या."