आप्पांचा कंपनीचा फोन

घरात नवी वस्तू आली की आप्पा ती आधी उलटी करत. कुकर असो, टॉर्च असो, नाहीतर मी माहेरून आणलेली इस्त्री असो. बुडाशी कंपनीचा छाप दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. अंगावरची खाकी, पायातले बूट, दिवाळीची मिठाई, राहायची खोली, सगळं कारखान्याने दिलेलं. ज्या वस्तूवर कुणाचं नाव आहे तिची जबाबदारीही कुणीतरी घेतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी एकदा विचारलं, "आप्पा, आपल्या जिजींवर कुठला छाप आहे हो?" तर बायकोकडे बघत म्हणाले, "सटाण्याचा शे. गॅरंटी नाय, पण माल एक नंबर."

पाथर्डी फाट्यापलीकडे त्यांचं छोटं घर होतं. वरच्या मजल्यावर मी आणि माझा नवरा भाड्याने राहत होतो. आप्पा-जिजींना मूलबाळ नव्हतं. भाडेकरू म्हणून आले आणि महिन्याभरात त्यांच्या तोंडी माझं नाव 'पोरी' झालं.

मग जिजींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आप्पा शर्टाच्या बाह्या सरसावून डॉक्टरांसमोर उभे राहिले, "माझी काढा." पण त्यांना स्वतःलाच साखरेचा आजार, डॉक्टर नको म्हणाले. शेवटी जिजींचं नाव यादीत घातलं. कुणी दगावलं आणि त्याच्या घरच्यांनी किडनी दिली, तर इस्पितळातून फोन येणार होता. तो घ्यायचा आणि पेशंटला घेऊन तडक निघायचं. आप्पांच्या सगळ्या आयुष्याची दोरी त्या एका फोनला बांधलेली होती.

नेमका त्याच सुमारास त्यांचा जुना फोन बंद पडला. मी मेथी निवडत होते. आप्पा येऊन जिन्यावर बसले. "पोरी, ते कार्डवाल्या कंपनीचाच फोन मिळतो म्हणे. घ्यावा का गं? फायद्याचा हाय का?" सिमकार्ड विकणारी कंपनी स्वतःच्या नावाने फोन विकते आणि त्यात फक्त तिचंच कार्ड चालतं, तसला तो फोन. मी मेथीवरची नजरही न हलवता म्हणाले, "घ्या की आप्पा. स्वस्त पडतो. आणि बिघडला तर फोनवाला कार्डवाल्याकडे बोट दाखवणार नाही, दोन्ही एकाच घरचे." आप्पा खूश झाले. फोनबरोबर नवा नंबर आला, आणि तोच इस्पितळाच्या फॉर्मवर गेला. त्या मेथीच्या जुडीएवढाही विचार मी त्या सल्ल्याचा केला नव्हता.

वर्षभरात शेजारच्या प्लॉटवर सात मजली इमारत उभी राहिली आणि त्या कंपनीची रेंज आमच्या घरातून नाहीशी झाली. माझा फोन व्यवस्थित चाले, माझ्या नवऱ्याचा चाले. आप्पांच्या फोनला रेंज मिळे ती फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळच्या एका कोपऱ्यात. मी माझ्या कंपनीचं एक कार्ड आणून त्यांच्या फोनमध्ये घालून पाहिलं. फोनने ते घेतलंच नाही.

तेव्हापासून आप्पा गच्चीवर राहायला गेले. खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली, आणि टाकीच्या कठड्यावर फोन. डायलिसिसच्या दिवशी खाली उतरत, बाकी जेवणसुद्धा वरच. मी कपडे वाळत घालायला गेले की त्यांचं एकच वाक्य, "पोरी, जरा रिंग देऊन बघ." मी रिंग द्यायची, फोन वाजायचा, आणि मग त्यांना मोकळा श्वास घेता यायचा. काही वेळा मी दिवसातून सात-सात वेळा रिंग दिली आहे.

"आप्पा, इस्पितळाला माझा नंबर देऊ या," मी म्हणाले, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला कारण होतं. कारखान्याच्या कॉलनीतल्या खोल्यांसाठी यादी असायची. आप्पांचा नंबर आठवा होता. अर्जात वडिलांचं नाव चुकलं होतं, ते त्यांनी प्रामाणिकपणे दुरुस्त करायला दिलं. ऑफिसातल्या बाबूने जुना अर्ज काढून नवा घेतला, आणि आप्पा यादीच्या तळाला गेले. खोली मिळायला पुढे अकरा वर्षं लागली. "लागलेल्या नंबराला हात लावायचा नसतो, पोरी," ते म्हणाले. "त्या वेळी खोली होती. आता जिजी हाय." तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, हेही मी समजावलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं, "मधी दोन-चार तास बंद राहील ना? तेवढ्यात आला तर?" मी एकदा चिडून म्हणाले, मीच इस्पितळाला विचारते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुले जिजीची आन शे." शपथ पडल्यावर मी विचारलं नाही. मला तेव्हा विचारायला हवं होतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी जिजींनी मला खाली बोलावलं. सटाण्याकडच्या, बागलाणच्या माणसांना आखाजी दिवाळीहून मोठी. मी पुरणाचे मांडे आणि आमरस केला होता. जिजींना रस वर्ज्य होता, पण त्यांना आप्पांना खाताना बघायचं होतं. "त्यासले सांग," त्या म्हणाल्या, "आज तरी खाले या म्हना. मी काय रोज मांगस का?"

मी गच्चीवर गेले. आप्पा हलेनात. मी त्यांच्याशी भांडले. सणासुदीचं बायको एकटी बसली आहे, तुम्हाला काही वाटतं का, असंही बोलले. फोन उचलून त्यांच्या खिशात घातला आणि त्यांना हाताला धरून खाली आणलं. त्या दुपारी आप्पांनी तीन वाट्या रस प्यायला. जिजी भिंतीला टेकून हसत होत्या. त्यांना आप्पांचा हात सोडवेना, म्हणून ते तिथेच जरा आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. किती महिन्यांनी ते खाटेवर झोपले होते! मला माझाच अभिमान वाटला.

आषाढात जिजी गेल्या.

तेराव्यानंतर यादीतलं नाव कमी करायला मी माझ्या फोनवरून इस्पितळात फोन केला. तिथल्या बाई फार चांगल्या होत्या. नाव शोधलं, हळहळल्या आणि म्हणाल्या, "अहो, यांना आपण लावला होता की. आखाजीला, दुपारी. तीन-चार वेळा लावला, संपर्काबाहेर येत होता. मग पुढच्या पेशंटला द्यावी लागली." मी कसंबसं विचारलं, नंबर बदलला असता तर यादीत मागे गेलो असतो का? "छे हो. नुसतं फोनवर सांगितलं असतंत तरी मी लिहून घेतला असता."

आप्पांना मी यातलं काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी आप्पा फोन घेऊन वर आले. पार वाळले होते. त्यांना मेसेज वाचता येत नसत. कंपनीच्या जाहिरातींना कंटाळून त्यांनी कधी ते उघडलेही नव्हते. "पोरी," ते म्हणाले, "एकदा सगळं बघून दे. वर बसलो नव्हतो तेव्हा इस्पितळाचा फोन आला नव्हता ना? माझ्या जिवाला लय लागलंय."

मी उघडलं. रिचार्जच्या जाहिराती, गाण्यांच्या जाहिराती, बक्षिसाच्या जाहिराती. आणि त्यांच्यामध्ये तो होता. आखाजीचा दिवस, इस्पितळाचा नंबर, फोन संपर्काबाहेर असताना आपल्याला चार कॉल आले होते. आप्पा माझ्या ओठांकडे बघत होते. मी एकेक जाहिरात मोठ्याने वाचत गेले आणि ते चार कॉल मात्र वगळून पुढच्या जाहिरातीवर गेले.

"नाही आप्पा. कुणाचाच नव्हता."

त्यांनी डोळे मिटले. मग फोन माझ्या हातातून घेतला, उपरण्याच्या टोकाने पुसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे तू सांगितलेला फोन चांगला निघाला, पोरी. तिचा नंबरच लागला नाय, त्याला तो तरी काय करणार?"