मागे बसणारी

तिला सगळे तंबोरामावशी म्हणायचे. गवई गायचे, वाहवा मिळवायचे. ही आपली मागे बसून तंबोऱ्याच्या तारा छेडत राहायची. उभा जन्म त्यात गेला, पण कुणी कधी मान वळवून पाहिलं नाही. मग बटण दाबलं की आपोआप सूर धरणारी पेटी आली आणि मावशी घरी बसली. "पेटीला मेली चहा लागत नाही ना!" असं ती म्हणायची.

आता गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका स्टुडिओत कामाला असलेली तिची भाची एका जुन्या गाण्याला नवा ठेका चढवत होती. गाणं एका मोठ्या बाईंचं, तंबोऱ्यावर मावशी. ऐकायला बोलावणं आल्यापासून मावशीला एकच घोर लागला होता. एवढ्या ढणढणाटात आपल्या तारा ऐकू येतील का? एखादी उतरलेली तर नसेल? स्टुडिओत ती खुर्चीच्या कडेवर बसली. गुडघ्यावर बोटं आपसूक चालू लागली.

ठेका धडधडला. त्यावर बाईंचा आवाज, अगदी लख्ख. मावशी कानात प्राण आणून ऐकत होती. गाणं संपलं तरी तिचा कान तिथेच होता.

"कसं झालंय, मावशी?" भाचीला कौतुकाची घाई. "जुन्या टेपमध्ये मागे सारखं घूं घूं चाललं होतं गं. पंख्याचं असणार. कॉम्प्युटरने मुळापासून काढून टाकलं बघ!"

मावशीची बोटं थांबली.

"छान झालंय," ती म्हणाली. मग पिशवी उचलता उचलता हळूच म्हणाली, "त्या खोलीत पंखा नव्हता गं."