वसंताचा डबा

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "नक्की का?" त्याच्या सुनेला, शीतलला, काय वाटलं असेल देव जाणे. पण त्याच्या कुठल्याही गोष्टीवर पटकन विश्वास ठेवायचा नाही, ही माझी चाळीस वर्षांची सवय...

तो, घरच्यांचा नाना, निफाडजवळचा द्राक्ष बागायतदार आणि दिवाळी अंकांतला विज्ञानकथाकार. मी नाशिकला भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर. त्याच्या कथांत आवाजाची बंदूक भिंती पाडायची, कर्णे गावाला वीज पुरवायचे. छापायला देण्याआधी तो मला वाचून दाखवी आणि मी त्यातली हवा काढी. आवाजात शक्ती असते ती किती? मिरवणुकीतला ढोल छातीत धडधडतो खरा, पण माणूस दिवसभर ओरडला तरी कपभर पाणी कोमट व्हायचं नाही. तो हसायचा आणि बंदूक तशीच ठेवायचा.

तीन वर्षांपूर्वी बंदूक कथेतून बागेत आली. मण्यांत गोडी उतरली की पाखरं येतात. लोक जाळ्या लावतात, पत्रे बडवतात. वसंतानं खांबावर स्वतः बनवलेला डबा चढवला. म्हणे त्यातून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो. मी कान लावला. काहीच नाही. शिवाय जे आपल्याला ऐकू येत नाही ते पाखरांनाही बहुधा येत नाही. बघायला आलेल्या, आमच्याच वयाच्या चार बागायतदारांदेखत मी म्हणालो, डबा रिकामा आहे.

तो चिडला नाही. "मास्तर, पाखरांचं राहू दे. मी खोटं बोलंल का तुझ्याशी?" मी बागेबाहेर चालू लागलो. पुढे कथा वाचायला तो कधी आला नाही...

परवा बागेत गेलो. डबा तिथंच. शंका काही सुटेना, बटण दाबलं. शांतता. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं. तेवढ्यात शीतल कानांवर हात ठेवून धावत आली.

"काका, बंद करा ते. लय किर्र वाजतं. नानांना ऐकूच येत नव्हतं, त्यांना वाटायचं कुणालाच येत नाय. त्यांचा हिरमोड नको म्हणून मी बोलले नाही."

मी डबा बंद केला. वय झालं की बारीक आवाज आधी हरवतात, हे मी वर्गात शिकवलेलं. कानावर जाऊ नका, मोजा, हेही. पाखरं घडांवर खुशाल बसली होती, तेवढंच माझं बरोबर होतं.

शीतल घरात गेल्यावर मी बटण पुन्हा दाबलं आणि म्हणालो, "नाही बोललास रे खोटं." मग डब्याला कान लावून बराच वेळ उभा राहिलो... काहीच ऐकू आलं नाही.