मामांची चुकलेली कडी

ती घटना आजही लख्ख आठवते, आणि आठवली की मी मनातल्या मनात एका चहाच्या टपरीला नमस्कार करतो. हसू नका. सगळी नोकरी खाकीत काढली, बंदोबस्त केले, दरोडे उघडकीस आणले, पण हात जोडावेसे वाटतात ते त्या टपरीलाच. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं अजून कोल्हापुरातच आहेत आणि बाजारात एकमेकांसमोर येतात.

गणपती तोंडावर आले होते. मी शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक. ठाण्यात मंडळांच्या परवानग्यांची झुंबड, वायरलेस केकाटतोय, आणि त्यात गुजरी या सराफांच्या पेठेतला एक सराफ घाम पुसत फिर्याद द्यायला आला. दुकानामागच्या माडीवर त्याचा दागिने घडवायचा कारखाना. तिथल्या तिजोरीतून कोल्हापुरी साज गेला होता. एका नवऱ्यामुलीला तिच्या आजीकडून आलेला, दुरुस्तीला टाकलेला. संध्याकाळी माडी बंद करून सगळे बाहेर पडले, तासाभरानं सराफ काही कामासाठी वर गेला, तर कुलूप शाबूत आणि साज गायब. म्हणजे ज्याच्याकडं किल्ली त्याचंच काम.

किल्ल्या तिघांकडं होत्या. एक खुद्द सराफाकडं, आणि तो त्या वेळी भरल्या दुकानात गिऱ्हाइकांपुढं बसलेला. दुसरी त्याच्या मेव्हण्याकडं, जो दुकानात मदतीला असायचा. तिसरी जुन्या कारागिराकडं. त्यांना सगळी गुजरी मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो.

गल्लीत कॅमेरा होता, पण नेमकं त्याच दुपारी मंडळाच्या पोरांनी मांडवाचं कापड चढवलं आणि ते कॅमेऱ्याच्या तोंडावर आलं. मोबाईलचं लोकेशन काढलं, तर सगळी पेठ एकाच टॉवरखाली. झालं, तांत्रिक तपास तिथंच आटोपला.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा एकटाच भेटायला आला. खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव कुठं घेऊ नका. पर मामांच्या घरात आजारपण हाय. माणूस अडला की काय करंल सांगता येत न्हाय."

"तुम्ही कुठं होता त्या वेळी?"

"मी तालमीसमोरच्या टपरीच्या कट्ट्यावर. रोज आम्ही तिथंच असतो. मामा त्या दिवशी आलंच न्हाईत."

न विचारता टीप घेऊन येणाऱ्या माणसाला चहा पाजावा आणि त्याचं बोलणं बाजूला ठेवावं, ही माझी जुनी रीत. मी चहा पाजला आणि मामांना बोलावून घेतलं.

मामा समोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. "मी कट्ट्यावर होतो की साहेब. आईशप्पथ!" मेव्हणा काय म्हणतो ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. "जेलात घालायचं तर घाला. पर आळ आला हे गुजरीत पसरलं, तर उद्या गुंजभर सोनं बी कुणी माझ्या हातात द्यायचं न्हाय. हात शाबूत असून मी मेलोच की मग."

खरं होतं ते. त्या धंद्यात कोर्टातून निर्दोष सुटूनही काही उपयोग नसतो. इकडं सराफ दिवसातून दोनदा फोन करून विचारायचा, अटक कधी करताय?

दोघंही एकाच कट्ट्याचं नाव घेत होते, तर कट्टेवाल्यांनाच विचारू म्हटलं. तिघं होते: टपरीवाला, दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर आणि एक रिटायर मास्तर. तिघांचं उत्तर एकच, "दोघंबी रोजच असत्यात की! त्या दिवशीचं कसं सांगायचं?" माणसाला अमक्या दिवशी कोण होतं विचारलं की तो रोजचंच सांगतो. खोटं बोलत नाही, पण आपल्या कामाचंही बोलत नाही.

उठता उठता ड्रायव्हर म्हणाला, "मांडवाचं कापड चढवताना लिंबावरचं मोहोळ उठलं, पोरं पळाली. त्या दिवशी कडी मधमाशीवरनं सुरू झाली, एवढं ध्यानात हाय."

"कसली कडी?"

तेव्हा कळलं. या कट्ट्यावर रोज संध्याकाळी एक खेळ चालायचा. एकानं काहीतरी माहिती सांगायची, पुढच्यानं त्यातलीच एक गोष्ट धरून दुसरी सांगायची. कडी तुटली किंवा माहिती खोटी निघाली, म्हणजे कडी चुकली, की त्यानं सगळ्यांचे गिलास विसळायचे. असली बिनकामाची माहिती ऐकून मी एरवी वैतागलो असतो. पण मोहोळ उठलं तो दिवस चोरीचाच होता आणि खेळाची वेळही तीच. मी म्हटलं, "बसा खाली."

तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. कोण होतं ते विचारलंच नाही. प्रत्येकाला एवढंच विचारलं, तुम्ही काय सांगितलं आणि ते कशाला जोडलं?

टपरीवाल्यानं सुरुवात केलेली, मधमाशीला पाच डोळे असतात. ड्रायव्हरनं मध धरला: मध नासत नाही, पिरॅमिडातला मध म्हणे खाण्याजोगा निघाला. पुढं टपरीवाल्याची दुसरी माहिती होती, गंजू नये म्हणून आयफेल टॉवर पुनःपुन्हा रंगवतात. मी त्याला अडवलं. "पिरॅमिडावरनं गंजावर कसे आला?"

तो थांबला, डोकं खाजवलं, आणि एकदम मांडीवर थाप मारून ओरडला, "सोनं! सोनं गंजत न्हाय म्हणाले की मामा! म्हणून मी लोखंडावर आलो."

शेजारच्या खोलीत मास्तर अजून रागातच होते. "तुमचे मामा म्हणे, सोनं गंजत नाही म्हणून पिरॅमिडातल्या राजाचा मुखवटा अजून चकाकतो. अहो, तो मुखवटा पिरॅमिडात कुठं सापडला? डोंगरात खोदलेल्या थडग्यात सापडला! मी म्हटलं, कडी चुकली, विसळा गिलास."

"आणि विसळले?"

"विसळले तर! टपरीचं पाणी संपलेलं, मांडववाल्यांच्या पिंपातनं घेतलं."

मांडववाल्यांना विचारलं. त्यांनाही आठवत होतं, एक म्हातारा बडबडत त्यांच्या पिंपावर गिलास धूत होता. मामांना विचारलं तर ते खाली मान घालून म्हणाले, "चुकलो हुतो साहेब. लाज वाटली, म्हणून बोललो न्हाय."

मग मेव्हण्याला बोलावून तोच प्रश्न टाकला. मोहोळाचं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं, ते घडाघडा सांगितलं. "आणि मी सांगितलं, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

"कशाला जोडलं?"

"कशाला म्हंजे... असंच."

"गिलास कुणी विसळले?"

"टपरीवाल्यानं. दुसरं कोण?"

"गिलास मामांनी विसळले," मी म्हटलं. त्यानं पाणी मागितलं आणि रडायला लागला. कागलजवळच्या त्याच्या शेतात, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीमागं साज सापडला. पंचांसमक्ष पंचनामा केला, मुद्देमाल जप्त झाला. त्यानं हे का केलं ते इथं लिहीत नाही, त्याला बायकापोरं आहेत.

कोर्टाच्या हुकमानं साज परत मिळाला, तेव्हा नवऱ्यामुलीची आई तो घेऊन सरळ माडी चढली आणि मामांच्याच हातात दिला. "दुरुस्ती तुम्हीच पुरी करा," एवढंच म्हणाली. मामांनी साज कपाळाला लावला. मलाही भरून आलं, उगाच खोटं कशाला सांगू.

या केसनं मला शिकवलं की साक्षीदाराला तारीख विचारू नये, त्या प्रसंगाच्या आधी काय झालं ते विचारावं. एक आठवण दुसरीला ओढून आणते. पुढं नोकरीभर मी तसंच विचारत गेलो. ही विद्या मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळाली नव्हती, ती त्या चार माणसांनी दिली, आणि एका निरपराध माणसावर दोषारोप ठेवण्यापासून मला वाचवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता रिटायर झाल्यावर मीही रोज त्या कट्ट्यावर असतो. परवा माझी कडी चुकली आणि मास्तरांनी सोडलं नाही. मी बाह्या वर करून टपरीच्या पिंपाशी उकिडवा बसलो, तर मामा येऊन शेजारी उभे राहिले.

"नीट विसळा, साहेब," म्हणाले. "त्याच गिलासांनी मला वाचवलंय."