मामंजींच्या बंदुकीचं कुलूप

माझे सासरे पारनेरच्या कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आणि महायुद्ध संपलं त्या सुमारास, ज्वारीत शिरणाऱ्या रानडुकरांसाठी म्हणून, त्यांनी एक जुनी दुनळी बंदूक घेतली. डुकरांना तिचा काडीचाही त्रास झाला नाही. ती बैठकीतल्या खुंटीवर लटकत असे आणि शेजारीच माझ्या सहा महिन्यांच्या मुलीचा पाळणा.

बायकांच्या हाती हत्यार लागू नये म्हणून त्यांनी भिंगारच्या एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिराकडून चापावर पितळी कुलूप बसवून घेतलं. जाताना तो म्हणाला, "मालक, मी चाप बांधलाय, काडतुसावर आपटणारा घोडा न्हाई. पडली तर उडंल. काडतुसं काढून ठेवा."

मामंजींनी किल्ली जानव्याला बांधली आणि काडतुसं नळीतच ठेवली. कारागिराने शिरस्तेदाराला शिकवायचं म्हणजे काय! रिकामी बंदूक टांगणं त्यांना बहुधा अब्रूला कमी वाटत असावं. आल्यागेल्याला ते कुलूप ओढून दाखवत आणि पाहुणे चहाकडे डोळे लावून माना डोलवत.

मी त्यांच्याशी थेट बोलत नसे. काडतुसं तेवढी काढा, असं सासूबाईंकरवी दोनदा सांगून पाहिलं. सुनेला कुलूप दिसत नाही का, असं उत्तर आलं. पाळणा दुसरीकडे न्यायचा तर तो टांगायला घरात दुसरी कडी नव्हती.

एका दुपारी असंच कुलूप दाखवून झाल्यावर त्यांनी बंदूक परत टांगली, पण पट्टा खुंटीत नीट अडकला नाही. बंदूक घोड्याच्या बाजूनेच फरशीवर आपटली आणि बार उडाला. छर्रे पाळण्यापासून हातभर अंतरावर भिंतीत घुसले. मी धावत जाऊन मुलीला उचललं. ती रडतही नव्हती, नुसती थरथरत होती.

मामंजींनी आधी बंदूक उचलली. कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "कुलूप शाबूत आहे."

पुढे त्यांनी आणखी एक कुलूप करायला टाकलं. सणावाराला मी त्या माणसाच्या पाया पडत राहिले, याची मला अजून लाज वाटते.

मुलगी चालायला लागली तेव्हा कळलं, डाव्या बाजूने मारलेल्या हाकेला ती वळत नाही. मामंजी ओट्यावर बसून लोकांना सांगत, नात आईसारखीच हट्टी निघाली.